कोणते बोट, कोणती वेळ, कोणते काम?

रात्री दोन-तीनच्या सुमारास हात झोपेतून उठवतो. अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंत मुंग्या, आगआग आणि हात सुजल्यासारखा जड. दिवा लावून पाहावे तर सूज कुठेच नाही. बाई उठून बसते, हात खाली सोडून झटकते, पाच-दहा मिनिटांनी बरे वाटते आणि पुन्हा डोळा लागतो. सकाळी घरात विषय निघतो. सासूबाई म्हणतात वात आहे, शेजारीण म्हणते कॅल्शियम कमी झाले, नवरा म्हणतो हातावर डोके ठेवून झोपली असशील. औषधांच्या दुकानातून मलमाची ट्यूब आणि ‘नसांच्या’ गोळ्यांची एक पट्टी येते. वर्षभर हेच चालते. मग कपबशी हातातून निसटू लागते, ब्लाऊजचे हूक लावताना बोटांना ते जाणवेनासे होते, आणि तेव्हा कुठे दवाखान्याची पायरी चढली जाते.

अशी घरे महाराष्ट्रात गल्लोगल्ली आहेत. त्यांचा दोष फारसा नाही, कारण ‘हात दुखतो’ हे वाक्यच फसवे आहे. मराठीत खांद्यापासून नखापर्यंत सगळ्यालाच हात म्हणतात. आणि ठणकणे, आखडणे, बधिर होणे, मुंग्या येणे या सगळ्यालाच दुखणे. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात वाट्याला येणाऱ्या दोन-तीन मिनिटांत तेवढे एक वाक्य सांगून होते आणि त्याला उत्तर म्हणून वेदनाशामक गोळी, कॅल्शियम आणि झालाच तर एक एक्स-रे मिळतो. वास्तविक पंजा आणि मनगटाच्या दुखण्याची नेहमीची जी सात-आठ कारणे आहेत, त्यांतली बहुतेक कोणत्याही यंत्राशिवाय ओळखता येतात. कोणते बोट, दिवसाच्या कोणत्या वेळी आणि तो हात दिवसभर काय करतो, एवढे विचारावे लागते. न विचारण्याची किंमत मात्र सगळ्या दुखण्यांत सारखी नसते. काही दुखणी सहा महिने अंगावर काढली तरी फार बिघडत नाही. काहींत तेच सहा महिने पुढच्या तीस वर्षांचा हात कसा असेल ते ठरवतात.

पंजा आणि मनगट मिळून २७ हाडे. पण बोटे हलवणारे स्नायू बोटांत नसतातच. थोडे तळव्यात असतात आणि ताकदीचे बहुतेक कोपराच्या खाली. तिथून कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या चिवट दोऱ्या, मनगट ओलांडून बोटांच्या टोकापर्यंत जातात. कळसूत्री बाहुलीचा हात वरच्या दोरीने हलावा तसेच हे. शिवाय बोटांना जाणीव देणाऱ्या नसा मानेतून निघतात आणि खांदा, कोपर, मनगट अशा अडचणीच्या जागांतून वाट काढत येतात. त्यामुळे जिथे दुखते आणि जिथे ट्यूब चोळली जाते, तिथेच बिघाड असेल असे नाही.

रात्री उठवणाऱ्या त्या हाताचा बिघाड मनगटात असतो. मनगटाच्या तळव्याकडच्या बाजूला एक अरुंद बोगदा आहे. तळाला आणि बाजूंना हाडे, वरून जाड, न ताणला जाणारा पट्टा. या कार्पल टनेलमधून नऊ कंडरा आणि मीडियन नावाची एक नस जाते. जागा ठरलेली, कंडरांच्या आवरणाला सूज आली किंवा अंगात पाणी साठले की दबते ती नस. ही नस अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची बाजू एवढ्यांनाच जाणीव पुरवते. करंगळी तिच्या अखत्यारीत नाही. म्हणून मुंग्यांतून करंगळी सुटलेली असेल तर संशय मनगटावर घ्यावा. झोपेत मनगट दुमडले जाते, बोगद्यातला दाब वाढतो, म्हणून ही तक्रार रात्रीची. हात झटकल्यावर बरे वाटणे ही तर या आजाराची जवळजवळ सहीच.

‘झोपेत रक्त अडले होते’ ही घरगुती उपपत्ती यात चुकते. अडचण रक्ताची नसून नसेची असते. हे तपासण्याची एक साधी रीत जॉर्ज फेलन या अमेरिकी शल्यवैद्याच्या नावाने ओळखली जाते. दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून बोटे खाली सोडायची, म्हणजे उलटा नमस्कार करायचा आणि मिनिटभर तसेच राहायचे. त्या मिनिटात ओळखीच्या मुंग्या उमटल्या तर निदानाला चांगलाच आधार मिळतो. नक्की करण्यासाठी नसेतून विद्युत्संदेश किती वेगाने जातो याची चाचणी असते, पण ती नंतरची गोष्ट.

हा आजार पुरुषांपेक्षा बायकांना अधिक होतो. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तो दिसतो आणि बाळंतपणानंतर बहुधा आपोआप ओसरतो. मधुमेह, थायरॉइडची कमतरता, वाढलेले वजन, आमवात यांच्या सोबतीने तो येतो. म्हणून चाळिशीतल्या बाईच्या हाताला मुंग्या येत असतील तर थायरॉइड आणि साखर तपासणे हे कॅल्शियमच्या गोळ्यांपेक्षा कितीतरी शहाणपणाचे. ‘नसांच्या’ गोळ्यांबद्दलही बोलायला हवे. त्यांत बी-१२ आणि त्याच गटातली जीवनसत्त्वे असतात. बी-१२ची कमतरता शाकाहारी घरांत खरोखर आढळते आणि तिनेही मुंग्या येतात. पण त्या सहसा दोन्ही पायांपासून सुरू होतात. पट्ट्याखाली चेपलेली नस गोळीने मोकळी होत नाही.

सुरुवातीला उपाय अगदी स्वस्त आहे. मनगट सरळ ठेवणारा पट्टा, म्हणजे स्प्लिंट, रात्री बांधून झोपणे. अनेकांना काही आठवड्यांत फरक पडतो. नाही पडला तर बोगद्यात स्टिरॉइडचे एक इंजेक्शन, आणि तरीही त्रास राहिला तर तो जाड पट्टा कापून नसेला जागा करून देण्याची छोटी शस्त्रक्रिया, ज्यात रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो. ही शस्त्रक्रिया वेळेत झाली तर निकाल चांगला असतो. उशिराची खूण हातावरच दिसते. अंगठ्याच्या बुडाशी तळव्यावर जो मांसल उंचवटा असतो, तो सपाट होऊ लागतो. दोन्ही तळवे शेजारी धरून पाहिले तर फरक कळतो. तो उंचवटा एकदा झिजला की नस मोकळी करूनही पुरता भरून येईल याची खात्री राहत नाही. सुईत दोरा ओवणे, गजरा गुंफणे, चिमटीत मीठ घेणे ही कामे मग कायमची अवघड होतात.

मुंग्या करंगळी आणि तिच्या शेजारच्या अर्ध्या अनामिकेत असतील तर प्रकरण दुसऱ्या नसेचे. कोपर टेबलाच्या कडेला आपटल्यावर करंगळीपर्यंत जो झटका जातो, तो हिचाच. कोपर दुमडून फोन कानाला तासन् तास लावणारे किंवा कोपर टेकून बसणारे तिला त्रास देतात. आणि दुखणे मानेपासून सुरू होऊन खांद्यातून खाली उतरत असेल, मान वळवल्यावर वाढत असेल, तर मूळ मानेच्या मणक्यात शोधावे. इथे आपल्याकडे उलटाच घोळ होतो. हाताला मुंग्या म्हटले की मानेचा एक्स-रे काढला जातो. पन्नाशीनंतर मानेच्या मणक्यांत थोडीफार झीज बहुतेकांच्या एक्स-रेत दिसते, दुखो वा न दुखो. ती दिसली की ‘मणक्यात गॅप’ असे निदान होते, गळ्यात पट्टा चढतो आणि मनगटातली नस तशीच चेपलेली राहते.

अंगठ्याचे दुखणे वेगळे. अंगठ्याच्या बाजूने मनगटावर कळ येते, बाळाला उचलताना, कढई उतरवताना, पिळा घालताना जीव जातो. अंगठा मुठीत दाबून मनगट करंगळीच्या दिशेला वाकवले की कळ मस्तकात जाते. अंगठा वर आणि बाहेर ओढणाऱ्या दोन कंडरा तिथे एका म्यानातून जातात. म्यान जाड झाले की त्या घासतात. फ्रिट्झ द केर्व्हाँ या स्विस शल्यवैद्याने १८९५ साली याचे वर्णन केले आणि त्याचेच नाव आजाराला मिळाले. ओल्या बाळंतिणीला तो हमखास गाठतो, कारण बाळाला काखेत दोन्ही हात घालून, अंगठे ताणून दिवसातून पन्नास वेळा उचलावे लागते. नातवंडे सांभाळणाऱ्या आज्याही त्यातून सुटत नाहीत. बाळंतिणीच्या या दुखण्याला ‘वारा लागला’ म्हणून शेक-शेगडी आणि कानाला फडके एवढ्यावर भागवले जाते. बाळाच्या ढुंगणाखाली तळवा घालून त्याला उचलणे आणि अंगठ्याला आधार देणारा पट्टा याने पुष्कळदा भागते. अंगठ्याचे दुखणे मनगटाजवळ नसून अगदी बुडाच्या सांध्यात असेल, बरणीचे झाकण उघडताना आणि किल्ली फिरवताना कळ येत असेल आणि वय पन्नाशीच्या पुढचे असेल, तर ती बहुधा त्या सांध्याची झीज.

सकाळी बोट दुमडलेले राहते आणि दुसऱ्या हाताने सरळ केले की ‘टक्’ आवाज करून उघडते, ते ट्रिगर फिंगर. कंडरेवर गाठ होते आणि ती तळव्यातल्या कडीत अडकते. मधुमेहींत हे जास्त. एका इंजेक्शनाने अनेकांचे बोट सुटते. इंजेक्शन स्टिरॉइडचे आहे हे ऐकून लोक पळतात; मात्र हेच लोक कसल्याशा पुड्या महिनोन्‌महिने आनंदाने खातात. त्यांच्याबद्दल पुढे.

आता सांधे. इथे पहिला प्रश्न बोटांच्या कोणत्या ओळीचा. नखाच्या मागचा सांधा टणक गाठीने फुगलेला, बोट जरा तिरके, वय पन्नास-साठ आणि बहुधा बाई: ही झीज. अठराव्या शतकात विल्यम हेबर्डन या लंडनच्या डॉक्टरने या गाठी नोंदवल्या आणि त्यांचा गाऊटशी संबंध नाही हेही तेव्हाच सांगितले. तरी आजही अशी बोटे दिसली की युरिक ॲसिड तपासले जाते, ते जरा वर आले की डाळी बंद होतात. गाऊट सहसा पायाच्या अंगठ्यापासून सुरू होतो, आणि नुसते वाढलेले युरिक ॲसिड म्हणजे गाऊट नव्हे. झिजेच्या गाठी दिसायला वाईट असतात, सुरुवातीला दुखतात, मग बऱ्याचदा दुखणे निवते आणि हात कामाचा राहतो. अशा बाईला घाबरवण्याचे कारण नाही.

मुठीचे उंचवटे, बोटांचे मधले सांधे आणि मनगटे, तीही दोन्ही हातांची, सुजली असतील तर मात्र गोष्ट बदलते. झिजेचा आखडलेपणा सकाळी चहा होईपर्यंत जातो. आमवाताचा, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिसचा, तासभर किंवा त्याहून जास्त राहतो. पोळ्या लाटायला घेतल्या तरी बोटे मिटत नाहीत. सूज मऊ, उबदार लागते. कुणी हात हातात घेऊन दाबला तर नकोसे होते. ही झीज नव्हे. शरीराची स्वतःची संरक्षक यंत्रणाच इथे सांध्याच्या अस्तरावर उलटलेली असते. अंगठ्याच्या बुडाच्या झिजेला आणि या आजाराला आपल्याकडे एकाच ‘संधिवात’ शब्दात बसवले जाते, आणि हाताच्या बाबतीत सगळ्यात महागात पडणारी गल्लत हीच.

या आजारात हाडाची झालेली हानी भरून येत नाही आणि ती पहिल्या दोन वर्षांतच दिसू लागते. म्हणून सूज सुरू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत आजाराला लगाम घालणारे औषध सुरू व्हावे, अशी युरोपातल्या सांधेविकारतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे. आपल्याकडे त्या तीन महिन्यांत काय होते? एक महिना घरगुती लेप, दुसरा दुकानातल्या वेदनाशामक गोळ्या, तिसऱ्यात दही-चिंच-टोमॅटो बंद. आंबट खाण्याने हा आजार होतो किंवा वाढतो याला पुरावा नाही. पथ्याने ताटातले दही मात्र जाते. मग कुणीतरी ‘आर. ए. टेस्ट’ करायला सांगतो. ती नकारात्मक आली की सगळे निर्धास्त होतात. खरे तर आजार असूनही ती नकारात्मक येऊ शकते आणि आजार नसताना सकारात्मक. सुजलेल्या सांध्यांवर बोट ठेवून पाहण्याला ती पर्याय नाही.

हा आजार दुर्मीळ म्हणून सोडून देण्यासारखाही नाही. पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात १९९६ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या कॉपकॉर्ड या उपक्रमाखाली घरोघर जाऊन सांधे-स्नायूंच्या दुखण्याची पाहणी झाली. चार हजारांवर प्रौढांत सुमारे १८ टक्के लोकांना अशी काही ना काही दुखणी होती, आणि आमवात साधारण दोनशे प्रौढांमागे एकाला. गावागावात हे प्रमाण धरले तर प्रत्येक मोठ्या गावात असे दहा-वीस हात निघतील. सांधेविकारतज्ज्ञ मात्र मोठ्या शहरांतच बसतात.

महाराष्ट्रात यात चिकुनगुनियाची भर पडते. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत त्याची साथ आली होती. मग तीन दशके शांततेत गेली आणि २००६ मध्ये तो राज्यभर परतला. ताप चार-पाच दिवसांत जातो, मनगटे आणि बोटे महिनोन्‌महिने धरून राहतात आणि चित्र आमवातासारखेच दिसते. अंगावर पुरळ, जोराचा ताप आणि घरातल्या आणखी दोघांना तेच, एवढे विचारले तर उलगडा होतो. बहुतेकांचे सांधे हळूहळू सुटतात. सहा महिन्यांनीही सूज असेल तर मात्र पुन्हा नीट पाहायला हवे.

आमवातावरचे मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. स्वस्त, जुने आणि परिणामकारक. त्याची एकच गोष्ट प्रत्येक घराने भिंतीवर लिहून ठेवावी अशी आहे: ते आठवड्यातून एकदा घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्याने लोक दगावले आहेत. औषधाच्या काळात ठरावीक अंतराने रक्त तपासावे लागते, दारू वर्ज्य, आणि मूल हवे असेल तर आधी डॉक्टरांशी बोलून ते थांबवावे लागते. एवढी शिस्त ऐकून रुग्ण पुडीवाल्याकडे वळतो. ‘जडीबुटी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले असल्याचे डॉक्टरांना वेळोवेळी आढळले आहे. दोन दिवसांत बोटे मोकळी होतात, म्हणून पुडीची कीर्ती पसरते. पुढे चेहरा गोल होतो, साखर चढते, हाडे ठिसूळ होतात आणि आतल्या आत सांध्याची हानी चालूच राहू शकते. ती एकदम बंद करणेही धोक्याचे, कारण तोवर शरीराने स्वतःचे स्टिरॉइड बनवणे कमी केलेले असते. कंडरेच्या म्यानात दिलेले एक मोजके इंजेक्शन आणि ही रोजची छुपी मात्रा यांत औषध एका जातीचे असले तरी दोन्हींची तुलना होऊ शकत नाही.

हात टेकून पडलेल्या तरुणाचे दुखणे आणखी निराळे. दुचाकीवरून किंवा क्रिकेट खेळताना पडला, मनगट दुखते, एक्स-रेत काही नाही. ‘मुका मार’ म्हणून हळद लावली, हाडवैद्याने चोळून दिले. अंगठा ताणला की त्याच्या बुडाशी, मनगटाच्या बाजूला एक खळगा पडतो. जुनी माणसे त्यात तपकिरीची चिमूट ठेवून ओढत. त्या खळग्यात दाबून दुखत असेल तर खालचे स्कॅफॉइड हाड मोडले असण्याची शंका घ्यावी लागते. त्याची चीर पहिल्या एक्स-रेत पुष्कळदा दिसत नाही. शंका असेल तर हात पट्टीत ठेवून दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढावा, किंवा आधीच एमआरआय. या हाडाला रक्त एका टोकाने मिळते. मोडले आणि तसेच राहिले तर दुसरा तुकडा उपाशी पडतो, सांधत नाही, आणि विशी-पंचविशीतल्या मुलाच्या मनगटाची झीज सुरू होते. चोळणे इथे सर्वांत वाईट.

तासांचा हिशेब असलेली दोन दुखणी सांगून पुढे जावे. बोटात काटा, सुई, माशाचे हाड घुसले आणि एक-दोन दिवसांत सगळे बोट सुजून अर्धवट दुमडलेले राहिले, सरळ करू जाता ओरडायला होते, तर तो नखुरड्यासारखा मामला नाही. कंडरेच्या म्यानात पू झाला असू शकतो. पोटीस बांधत न बसता त्याच दिवशी शल्यवैद्य गाठावा, आणि अंगठी आधी काढावी. दुसरे, डाव्या हातात अचानक कळ, सोबत छातीत दडपण, घाम, धाप. हे दुखणे हाताचे नाही, हृदयाचे असू शकते. वेळ न घालवता रुग्णालयात जावे.

दुखत नाही तो हात मात्र कुणी दाखवायलाच आणत नाही. बधिर चट्टा, करंगळी आतल्या बाजूला वळत चाललेली, तव्याचा चटका बसूनही न कळणे: ही कुष्ठरोगाची लक्षणे असू शकतात. जगातल्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून जास्त आजही भारतात आढळतात, आणि औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे. तमिळनाडूत जन्मलेले इंग्रज शल्यवैद्य पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात अशा रुग्णांच्या वळलेल्या बोटांवर निरोगी कंडरा जोडून हात उघडून दिले. बोटे रोगाने ‘झडतात’ ही समजूत त्यांनीच खोडून काढली. वेदना नसल्याने हात पुन्हा पुन्हा भाजतो, कापतो, चिघळतो, आणि त्याने बोटे जातात. मधुमेहाचा जुना रुग्णही याच वाटेवर असू शकतो. त्याची एक खूण सोपी आहे: नमस्कार करताना तळवे आणि बोटे सपाट जुळत नाहीत, मध्ये फट राहते. हाताची कातडी आणि कंडरा ताठरल्याची ती निशाणी आहे, आणि साखर बराच काळ चढी राहिल्याचीही असू शकते.

राहिला तिसरा प्रश्न, कामाचा. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला आणि डॉक्टरांनी रुग्णाला आणखी एक प्रश्न विचारावा असे सुचवले: तुझा धंदा काय? पुढे त्यानेच दिवसभर लेखणी चालवणाऱ्या कारकुनांच्या थकलेल्या हाताविषयीही लिहिले. तीनशे वर्षांनंतर आपल्याकडे हा प्रश्न केसपेपरवर छापलेला असतो आणि त्यापुढे बहुधा ‘गृहिणी’ किंवा ‘मजुरी’ असे लिहून संपतो. ‘गृहिणी’ या एका शब्दात चादरी पिळणे, भाकरी थापणे, हंडा उचलणे, नातवाला कडेवर घेणे हे सगळे बुडून जाते. ‘मजुरी’ म्हणजे सोलापूर-सिन्नरकडच्या बाईच्या विड्या की ऊसतोडीचा कोयता, हे कळल्याशिवाय मनगटाचे निदान अर्धेच राहते.

चर्चा मात्र संगणकाच्या माऊसची होते, कारण लिहिणारे-वाचणारे तो वापरतात. कार्पल टनेलशी संगणकाचा संबंध लोक समजतात तितका पक्का ठरलेला नाही. जोराने पकडणे, तीच हालचाल हजारदा करणे, हादरणारे यंत्र धरणे या कामांशी त्याचा संबंध जास्त ठळक आहे. मोबाइलवर अंगठा चालवणाऱ्यांनी थोडी चिंता करावी. विडी कामगारणीची चिंता कुणीतरी दुसऱ्याने करायला हवी, कारण तिला स्वतःला ती परवडत नाही. तिची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने ठरते. ‘पंधरा दिवस हाताला आराम द्या’ हा सल्ला तिच्यासाठी पंधरा दिवसांच्या बुडालेल्या मजुरीचे बिल आहे, आणि ती तो पाळत नाही म्हणून तिला हेकट ठरवणे अन्यायाचे.

तिच्यासाठी करता येण्याजोगे बरेच काही प्राथमिक आरोग्य केंद्रातच आहे. उलट्या नमस्काराला एक मिनिट लागते. अंगठ्याचा उंचवटा पाहायला त्याहून कमी. मुठीचे उंचवटे दाबून पाहणे आणि ‘सकाळी बोटे किती वेळाने सुटतात’ हे विचारणे आशाताईलाही शिकवता येईल. सुजलेले हात तिसऱ्या महिन्याच्या आत जिल्हा रुग्णालयात पोचले तरी पुष्कळ झाले. मनगटाचे पट्टे केंद्राच्या औषधसाठ्यात ठेवायला मोठा खर्च येत नाही. कात्रीला आणि सुरीच्या मुठीला कापड गुंडाळून ती जाड केली की पकडीचा जोर कमी लागतो. ओले कपडे नळाभोवती वेढा देऊन दोन्ही टोके एकत्र पिळली की मनगट मुरगळत नाही. आणि पट्टा रात्री बांधायचा असतो. त्या वेळी विड्या वळल्या जात नाहीत, त्यामुळे मजुरीही बुडत नाही.